मातीची झीज अर्थसंकल्पात कशी दिसेल? पर्यावरण आणि अर्थव्यवस्था यांच्या एकात्मिक प्रतिमानांविषयी

इंडोनेशियाची अर्थव्यवस्था १९७१ ते १९८४ या काळात वर्षाला सरासरी ७.१ टक्क्यांनी वाढली, असे अधिकृत आकडे सांगत होते. रॉबर्ट रेपेटो आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये त्याच काळाचा हिशेब नव्याने मांडला. जमिनीतून उपसलेले खनिज तेल, तोडलेले जंगल आणि उतारांवरून वाहून गेलेली माती या तीन गोष्टींची घट त्यांनी उत्पन्नातून वजा केली, तेव्हा वाढीचा दर ४ टक्क्यांवर आला. कारखान्यातील यंत्र झिजते म्हणून त्यावर घसारा लावला जातो; जंगल मात्र तोडून विकले की त्याची सगळी किंमत उत्पन्नात जमा होते आणि ते जंगल आता उरलेले नाही याची नोंद त्या हिशेबात कुठेच होत नाही. ठेव मोडून घरखर्च चालवायचा आणि मोडलेली रक्कम त्या वर्षीची कमाई म्हणून सांगायची, असाच हा प्रकार होता.

रेपेटो यांचा हिशेब झालेल्या गोष्टींचा होता. धोरण ठरवणाऱ्यांना मात्र पुढचे जाणून घ्यायचे असते. इंधनावरील अनुदान काढले तर लोक पुन्हा जंगलातल्या सरपणाकडे वळतील का? खाणीला परवाना दिला तर खोऱ्यातील शेतीच्या पाण्याचे काय होईल, आणि शेतीचे उत्पन्न घटले तर त्याचा परिणाम करवसुलीवर किती वर्षांनी दिसेल? बहुतेक देशांत या प्रश्नांचे तुकडे वेगवेगळ्या खात्यांकडे वाटलेले असतात. वनखात्याकडे झाडांचे आकडे असतात, अर्थखात्याकडे पैशांचे, आणि दोघांच्या अंदाजांमध्ये एकमेकांसाठी जागा नसते. हे तुकडे एकाच समीकरणसंचात बसवून, एका बाजूचा बदल दुसऱ्या बाजूला कसा पोहोचतो आणि तेथून पुन्हा पहिल्या बाजूला कसा परततो हे आकड्यांत दाखवणारी रचना म्हणजे एकात्मिक पर्यावरण-अर्थ प्रतिमान, ज्याला रोजच्या बोलण्यात सरळ ‘मॉडेल’ म्हटले जाते.

विकसनशील देशांना अशा प्रतिमानांची गरज अधिक असते. तेथील मोठ्या लोकसंख्येची उपजीविका थेट शेती, मासेमारी आणि वनोपज यांवर चालते, त्यामुळे मातीची किंवा पाण्याची हानी लगेच घरगुती उत्पन्नाची हानी ठरते. शिवाय धरणे, महामार्ग, वीजकेंद्रे अशी पन्नास-पन्नास वर्षे टिकणारी बांधकामे याच देशांत सध्या उभी राहत आहेत, आणि एकदा उभ्या राहिलेल्या वीजकेंद्राविषयीची चूक दुरुस्त करणे फार महाग पडते.

या प्रतिमानांचा पाया पर्यावरणशास्त्रात नसून हिशेबनिसाच्या कामात आहे. अर्थतज्ज्ञ वासिली लिओन्टिएफ यांनी १९३० च्या दशकात अमेरिकी अर्थव्यवस्थेचे असे तक्ते तयार केले, ज्यांत एका उद्योगाचे उत्पादन दुसऱ्या उद्योगात कच्चा माल म्हणून किती जाते हे ओळी आणि स्तंभांत मांडलेले होते. पोलाद वाढवायचे तर कोळसा किती वाढवावा लागेल, आणि तो कोळसा काढण्यासाठी पुन्हा पोलाद किती लागेल, अशा साखळीचे उत्तर त्यातून मिळे. १९७० मध्ये त्यांनी याच तक्त्यात प्रदूषणाची एक ओळ वाढवली आणि प्रदूषण हेदेखील उत्पादनाबरोबर बाहेर पडणारे, मोजता येण्याजोगे परिमाण आहे हे दाखवले. पुढे १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रिचर्ड स्टोन यांच्या कामातून पुढे आलेल्या सामाजिक लेखा सारणीने या तक्त्याला कुटुंबे, सरकार आणि परदेश जोडले. या सारणीचा नियम सोपा पण कडक आहे: प्रत्येक घटकाची ओळ म्हणजे त्याची आवक, त्याचा स्तंभ म्हणजे त्याची जावक, आणि दोन्हींची बेरीज जुळलीच पाहिजे. त्यामुळे कुणाला फायदा झाला असे प्रतिमान सांगत असेल, तर तो पैसा कुठून आला हेही त्याला सांगावे लागते. माझ्या मते या शिस्तीचे मोल प्रतिमानातील पुढच्या सगळ्या गणितापेक्षा जास्त आहे.

ही सारणी स्थिर असते. तीत किमती हलत नाहीत आणि माणसे आपले वागणे बदलत नाहीत. ती उणीव भरून काढणाऱ्या प्रतिमानांना संगणनीय सामान्य समतोल प्रतिमाने म्हणतात. लाइफ योहान्सन यांनी १९६० मध्ये नॉर्वेसाठी असे पहिले प्रतिमान तयार केले. त्यात उत्पादक खर्च कमी करण्याचा प्रयत्न करतात, कुटुंबे आपल्या उत्पन्नात शक्य तेवढ्या गरजा भागवतात, आणि प्रत्येक बाजारातील मागणी व पुरवठा जुळेपर्यंत किमती बदलत राहतात. एक कर लावला की त्याचा धक्का सर्व बाजारांतून फिरतो आणि अखेरीस नवा समतोल साधला जातो. जुन्या आणि नव्या समतोलातील फरक हा त्या कराचा परिणाम मानला जातो.

मात्र या सगळ्या रचनेत निसर्ग येण्यासाठी आधी निसर्गाचे हिशेब उपलब्ध असावे लागतात, आणि तेही अर्थव्यवस्थेच्या हिशेबांशी जुळणाऱ्या वर्गवारीत. पाण्याचे आकडे नदीखोऱ्यांनुसार आणि शेतीचे उत्पन्न जिल्ह्यांनुसार ठेवले असेल, तर दोन्ही एका सारणीत बसत नाहीत. ही अडचण दूर करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी पर्यावरणीय-आर्थिक लेखांकनाची एक सामाईक पद्धती विकसित केली. तिची पहिली पुस्तिका १९९३ मध्ये निघाली, मध्यवर्ती चौकटीला २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय सांख्यिकी मानकाचा दर्जा मिळाला आणि परिसंस्थांच्या लेखांकनाचा भाग २०२१ मध्ये स्वीकारला गेला. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय लेख्यांच्या, म्हणजे देशाच्या उत्पन्न-उत्पादनाच्या अधिकृत हिशेबांच्या, नव्या नियमावलीने नैसर्गिक साधनांची घट हा उत्पादनखर्च मानला असून, निव्वळ उत्पन्न काढताना ती वजा करायची आहे. म्हणजे इंडोनेशियाच्या बाबतीत संशोधकांनी स्वतंत्रपणे मांडलेला मुद्दा अधिकृत नियमात यायला साडेतीन दशके लागली.

प्रत्यक्षात हे कसे चालते हे समजून घेण्यासाठी ग्वाटेमालातील सरपणाचा प्रश्न उपयोगी आहे. त्या देशातील बहुसंख्य कुटुंबे, विशेषतः ग्रामीण भागात, लाकडावर स्वयंपाक करतात. राफाएल लांदिवार विद्यापीठातील संशोधक आणि देशाची मध्यवर्ती बँक यांनी मिळून तेथील पर्यावरणीय लेखे इतर अनेक देशांच्या आधी तयार केले होते. म्हणूनच इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेत ओनिल बॅनर्जी, मार्टिन सिकोव्हिएझ आणि सहकाऱ्यांनी उभारलेल्या एकात्मिक प्रतिमानाच्या सुरुवातीच्या वापरासाठी हा देश सोयीचा ठरला. प्रश्न असा होता की सुधारित चुली वाटल्या आणि सरपणासाठी लागवड वाढवली, तर देशाला काय मिळेल.

वरवर पाहता उत्तर सोपे आहे: लाकूड कमी जळेल, जंगल वाचेल. पण धागा पुढे ओढला की गोष्ट पसरत जाते. लाकूड गोळा करण्याचा वेळ, जो मुख्यतः स्त्रियांचा आणि मुलांचा असतो, तो वाचतो. वाचलेल्या वेळातील काही भाग कामाच्या बाजारात येऊ शकतो आणि काही शाळेत जाऊ शकतो. धूर कमी झाल्याने आजारपण घटते. सरपण विकून जगणाऱ्यांचे उत्पन्न मात्र कमी होते. चुलींचा खर्च सरकारने केला तर तो पैसा कर, कर्ज किंवा दुसऱ्या योजनेतील कपात यांपैकी कुठून तरी येतो, आणि त्या प्रत्येक वाटेचा परिणाम वेगळा असतो. आणखी एक गुंता असा की घरासाठी गोळा केलेले सरपण राष्ट्रीय लेख्यांच्या नियमांनुसार उत्पादनातच मोडते, पण त्याची मोजणी बहुतेक ठिकाणी अपुरी असते. त्यामुळे ते वाचल्याचा फायदाही नेहमीच्या आकड्यांत पूर्णपणे दिसत नाही. एकात्मिक प्रतिमानात सरपणाची स्वतंत्र ओळ असते, जंगलाचा साठा वर्षागणिक पुढे नेला जातो, आणि शेवटी उत्पन्नाबरोबरच देशाच्या एकूण संपत्तीत काय फरक पडला हेही मोजले जाते. केवळ उत्पन्न पाहून फायदेशीर वाटणारी योजना संपत्ती घटवणारी निघू शकते, तसेच याच्या उलटही होऊ शकते.

जंगल किती उरले एवढे कळून भागत नाही; ते कुठे उरले यालाही महत्त्व असते. धरणाच्या वरच्या उतारावरील शंभर हेक्टर झाडी आणि सपाट मैदानावरील तेवढीच झाडी यांचे काम सारखे नसते. पहिली गाळ अडवते, दुसरी त्या मानाने फारच कमी. म्हणून आता अर्थव्यवस्थेच्या प्रतिमानाला नकाशावर चालणारी प्रतिमाने जोडली जातात. अर्थव्यवस्थेचे प्रतिमान सांगते की अमुक धोरणामुळे लागवडीखालील जमीन इतकी वाढेल. जमीनवापराचे प्रतिमान उतार, रस्ते आणि मातीचा प्रकार पाहून ती वाढ नकाशावर वाटते. आणि तिसरे प्रतिमान, उदाहरणार्थ स्टॅनफर्ड विद्यापीठातील नॅचरल कॅपिटल प्रोजेक्टने सुरू केलेले ‘इन्व्हेस्ट’, त्या नकाशावरून मातीची धूप, पाण्याची उपलब्धता, परागीभवन आणि साठवलेला कार्बन यांचा अंदाज काढते.

खरी कसोटी यानंतर लागते. धूप वाढली तर शेताची उत्पादकता घटते, आणि ही घट पुन्हा अर्थव्यवस्थेच्या प्रतिमानात भरावी लागते. असे केले तरच वर्तुळ पूर्ण होते. अनेक अभ्यास स्वतःला एकात्मिक म्हणवतात, पण त्यांत आर्थिक वाढीतून प्रदूषण किती होईल एवढेच काढलेले असते. त्या प्रदूषणामुळे वाढीवर काय परिणाम होईल हा परतीचा रस्ता रिकामाच असतो. अशा रचनेत पर्यावरण नेहमी खर्चाच्या बाजूलाच दिसते, कारण त्याचे रक्षण करण्याचा फायदा मोजण्याची सोयच केलेली नसते. परतीचा रस्ता जोडला की चित्र किती बदलते, हे जागतिक बँकेच्या २०२१ मधील एका अभ्यासात दिसले. त्यात जागतिक व्यापाराचे प्रतिमान आणि ‘इन्व्हेस्ट’ एकत्र चालवले होते. रानातील परागीभवन, सागरी मत्स्यसाठे आणि उष्ण कटिबंधीय जंगलातील लाकूड या सेवा कोसळल्या, तर २०३० मध्ये जगाचे वार्षिक उत्पन्न सुमारे २.७ लाख कोटी डॉलरने कमी राहील, आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत ही घट ९.७ टक्क्यांपर्यंत असेल, असा तो अंदाज होता. हे भाकीत नव्हते, एका वाईट शक्यतेचा हिशेब होता. परंतु सर्वाधिक फटका श्रीमंत देशांना बसत नाही, हे त्यातून स्पष्टपणे पुढे आले.

समतोलावर आधारलेल्या या प्रतिमानांखेरीज दुसरेही एक घराणे आहे, ते प्रणाली गतिकीचे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या या पद्धतीत किमतींपेक्षा साठे, प्रवाह आणि त्यांचे एकमेकांवर होणारे उशिराचे परिणाम यांवर भर असतो. बाजार दरवर्षी समतोलाला येतो असे ती गृहीत धरत नाही, हा तिचा गुण. कुटुंबे आणि उद्योग किमतीला कसा प्रतिसाद देतील याचे तिचे वर्णन अनेकदा ढोबळ असते, हा तिचा दोष. इंडोनेशियाच्या नियोजन मंत्रालयाने, म्हणजे बाप्पेनासने, अल्प-कार्बन विकासासाठी हीच पद्धत निवडली. कार्बन उत्सर्जन कमी करणाऱ्या मार्गाने गेल्यास २०४५ पर्यंत वर्षाला सरासरी ६ टक्के वाढ शक्य आहे, असा निष्कर्ष असलेला त्यांचा अहवाल २०१९ मध्ये आला आणि २०२० ते २०२४ या मध्यम मुदतीच्या योजनेत अल्प-कार्बन विकासाला स्थान मिळाले. त्या आकड्यावर वाद होऊ शकतो, कारण निसर्गाच्या हानीचा वाढीवर किती परिणाम होतो असे मानले त्यावरच तो अवलंबून आहे. मला त्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे वाटते की प्रतिमान पर्यावरण मंत्रालयात न चालता, ज्या खात्यात विकासदराचे लक्ष्य ठरते त्याच खात्यात चालले.

आता गृहीतकांकडे वळू, कारण अशा अभ्यासांतील बहुतेक मतभेद तेथूनच निघतात. पहिले गृहीतक भविष्यातील लाभाला आज किती वजन द्यायचे याविषयीचे आहे. तीस वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांच्या लाभाची आजची किंमत, वटावाचा दर, म्हणजे भविष्यातील रकमेची किंमत दरवर्षी ज्या हिशेबाने कमी धरायची तो दर, १० टक्के धरला तर साधारण ५ रुपये ७० पैसे होते. तोच दर ३ टक्के धरला तर ४१ रुपये होते. अनेक विकास बँकांनी दीर्घकाळ १० ते १२ टक्के दर वापरले. जंगल लावल्याचा फायदा उशिरा मिळतो आणि तोडल्याचा ताबडतोब, त्यामुळे एवढ्या दराने जंगल राखण्याची जवळपास कोणतीही योजना हिशेबात हरते. हवामानबदलाच्या अर्थशास्त्रात विल्यम नॉर्डहाउस, ज्यांना २०१८ मध्ये नोबेल मिळाले, आणि निकोलस स्टर्न यांच्यातील गाजलेला वाद मुख्यतः याच एका संख्येवरचा होता. ही संख्या केवळ तांत्रिक नाही. पुढच्या पिढीच्या वाट्याला किती ठेवायचे याचा निर्णय तीत दडलेला असतो, आणि तो निर्णय विश्लेषकाने परस्पर घेऊन टाकू नये.

दुसरे गृहीतक कमी चर्चिले जाते, पण तितकेच निर्णायक ठरते. समतोल प्रतिमानात समीकरणांपेक्षा अज्ञात राशी जास्त असतात, म्हणून काही गोष्टी आधीच ठरवून घ्याव्या लागतात: गुंतवणूक बचतीनुसार ठरेल की बचत गुंतवणुकीनुसार, सरकारची तूट स्थिर राहील की करांचे दर, आणि मजूर सगळे कामावर आहेत की काही रिकामे आहेत. समजा, रिकामे मजूर भरपूर आहेत असे धरले. मग कोणताही प्रकल्प रोजगार आणि उत्पन्न वाढवताना दिसतो, कारण त्या मजुरांना दुसरीकडून काढून आणावे लागत नाही. सगळे कामावर आहेत असे धरले, तर तोच प्रकल्प दुसऱ्या क्षेत्रातील माणसे ओढून घेतो आणि फायदा आटतो. ज्या देशांत निम्म्याहून अधिक कामगार असंघटित क्षेत्रात असतात, तेथे या दोन्ही कल्पना वास्तवापासून दूर असतात. हरित गुंतवणुकीतून मोठा रोजगार मिळेल असे सांगणारा अहवाल हाती आला, तर सर्वप्रथम मजुरांविषयीचे गृहीतक कोणते आहे ते शोधावे.

किमती वाढल्यावर मागणी किती घटते, आयात मालाची जागा देशी माल किती सहज घेतो, हे सांगणारे गुणांकही बऱ्याचदा दुसऱ्या देशांच्या अभ्यासांतून उसने घेतलेले असतात, कारण स्थानिक मोजमाप उपलब्ध नसते. त्यावरचा प्रामाणिक उपाय म्हणजे ते गुणांक बदलून प्रतिमान पुन्हा पुन्हा चालवणे आणि निष्कर्ष कोणत्या मर्यादेत टिकतो हे सांगणे. निसर्गातील अचानक कोसळण्याच्या घटना, म्हणजे एखादा मत्स्यसाठा वर्षानुवर्षे थोडाथोडा घटत राहून एकाएकी संपणे, सरळ रेषांवर बेतलेल्या समीकरणांना नीट पकडता येत नाहीत. तेथे प्रतिमानाचा अंदाज धोका कमी दाखवण्याकडे झुकतो, हे धरूनच तो वाचावा लागतो.

देशाची सरासरी सुधारली तरी विशिष्ट लोकांचे नुकसान होऊ शकते, आणि धोरणे बहुधा तेथेच अडतात. इंडोनेशियाने २००५ मध्ये इंधनाच्या किमती मोठ्या प्रमाणात वाढवल्या तेव्हा गरीब कुटुंबांना रोख मदत देण्याची योजनाही आखली. पेट्रोलवरील अनुदान जानेवारी २०१५ मध्ये काढले गेले. पेट्रोलच्या अनुदानाचा मोठा वाटा वाहने असलेल्यांकडे जातो, रॉकेलच्या अनुदानाचा वाटा मात्र स्वयंपाकघरांत पोहोचतो. दोन्ही ‘इंधन अनुदान’ म्हणून एकत्र मोजली तर हा फरक पुसला जातो. म्हणून प्रतिमानातून मिळालेल्या नव्या किमती आणि मजुरी घरगुती खर्चाच्या पाहणीतील हजारो कुटुंबांना लावून पाहिल्या जातात, आणि कोणत्या गटाला किती झळ बसेल व किती भरपाई पुरेल याचा अंदाज काढला जातो. स्वयंपाकाचे इंधन महागल्यावर कुटुंबे पुन्हा लाकडाकडे वळत असतील, तर जंगलाच्या साठ्यातही ते दिसले पाहिजे. अनुदानाचा अभ्यास केवळ अर्थखात्याच्या प्रतिमानावर केल्यास हा दुवा निसटतो.

प्रतिमानाचा निष्कर्ष धोरणात उतरण्याची वाट कशी असते, याचे सर्वांत बोधक उदाहरण मला दक्षिण आफ्रिकेचे वाटते. मंत्रिमंडळाच्या सूचनेवरून २००६ मध्ये तेथे उत्सर्जन कमी करण्याच्या दीर्घकालीन पर्यायांचा अभ्यास सुरू झाला. केप टाउन विद्यापीठातील ऊर्जा संशोधन केंद्राने ऊर्जाव्यवस्थेचे आणि अर्थव्यवस्थेचे प्रतिमान जोडून वापरले. पण त्याआधी सरकार, उद्योग, कामगार संघटना आणि स्वयंसेवी संस्था यांचे प्रतिनिधी एकत्र बसून कोळशाची किंमत, विकासदर, तंत्रज्ञानाचा खर्च अशा आकड्यांवर चर्चा करत. आकडे सर्वांनी मान्य केलेले असल्यामुळे निष्कर्ष नाकारणे अवघड झाले. काहीच न करता चालत राहिल्यास २०५० पर्यंत उत्सर्जन सुमारे चौपट होईल, हे त्यातून दिसले. मंत्रिमंडळाने २००८ मध्ये उत्सर्जन शिखरावर नेऊन, काही काळ स्थिर ठेवून, मग उतरवण्याची दिशा स्वीकारली आणि २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेच्या वेळी देशाने जाहीर केलेले लक्ष्य याच कामावर उभे होते.

याच काळात मेदुपी आणि कुसिले या दोन प्रचंड कोळसा वीजकेंद्रांचे बांधकामही चालूच होते. कार्बन करावरील चर्चा अर्थखात्याने २०१० मध्ये उघड केली, कर प्रत्यक्ष लागू झाला १ जून २०१९ रोजी, टनाला १२० रँड या दराने. आणि त्यात सर्वांना ६० टक्क्यांची मूळ सूट व इतर सवलती मिळून ९५ टक्क्यांपर्यंतची सूट असल्याने प्रत्यक्ष भार टनाला साधारण ६ ते ४८ रँड एवढाच उरला. प्रतिमानात भरलेला कर आणि कायद्यात उतरलेला कर यांत असे अंतर पडते तेव्हा प्रतिमान नव्या दराने पुन्हा चालवावे लागते, नाहीतर जुन्या निष्कर्षाच्या आधारे नवा कर योग्य ठरवला जातो. त्यासाठी ते चालवू शकणारी माणसे देशातच, पगारी नोकरीत असावी लागतात. अनेक देशांत परदेशी सल्लागार प्रकल्पाच्या निधीतून प्रतिमान उभारतात, अहवाल सादर होतो, निधी संपतो आणि दोन वर्षांनी त्याची माहिती ताजी करणारे कुणी उरत नाही. पर्यावरणीय लेखे दरवर्षी ठेवण्याचे काम सांख्यिकी कार्यालयाच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात आणि प्रतिमानाची देखभाल नियोजन किंवा अर्थखात्याच्या नेहमीच्या कामात गेली, तरच पुढच्या धोरणाच्या वेळी ते उपयोगी पडते.